रिकाम्या वाटेचा सातबारा

ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय, हे घरच्यांना समजावणं सोपं नाही. हँडल रेसिंगच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड. डांबरावर पळते, खडीवर टिकते, शेतातल्या मातीच्या रस्त्यावरूनही निवांत जाते. आप्पाकाकांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या वेळच्या पोस्टमनची सायकल की गं!"

त्यांचं फारसं चुकलेलं नाही. फरक एवढाच, की पोस्टमन खडीवरून जायचा कारण दुसरा रस्ताच नव्हता. आम्ही शेजारी चांगला डांबरी रस्ता असताना खडी शोधत जातो. खडीवर गाड्या नसतात म्हणून.

गेली चार वर्षं मी नोकरीसाठी स्पेनमध्ये, वालेन्सियाला राहते. स्पेन म्हटलं की आपल्याला समुद्रकिनारे, फुटबॉल आणि टोमॅटोची होळी आठवते. पण किनारा सोडून आत वळलं, तास-दोन तास चढत गेलं, की दुसराच देश सुरू होतो. कापणी झालेली गव्हाची शेतं, लाल माती, बुटके ओक, बदामाच्या रांगा आणि त्यांमधून जाणारा फिकट पांढरा रस्ता. दिवसभरात किती गाड्या भेटल्या ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतं. बऱ्याचदा बोटं उरतात.

मी सायकल शिकले डोंबिवलीत, सोसायटीच्या आवारात. गेटबाहेर न्यायची परवानगी नव्हती; बाहेर रिक्षा, बस, टेम्पो. पुढे पुण्यात नोकरीला असताना दोन वर्षं सायकलने ऑफिसला गेले, तेव्हा हॉर्नच्या आवाजावरून मागचं वाहन ओळखायची कला अंगात आली. त्यामुळे इथे पहिल्यांदा अशा वाटेवर आले तेव्हा शांततेचं सुख वाटायच्या आधी भीती वाटली. एकटी बाई आणि रिकामा रस्ता या जोडीला घाबरायचं, हे आपल्याला शिकवलेलंच असतं. पहिले काही महिने मी सारखी मागे वळून बघायचे. मागे कुणीच नसायचं.

हळूहळू कळलं, की इथली भीती वेगळी आहे. पाणी संपण्याची. दुपारी दोन ते पाच गावातलं एकुलतं एक दुकान बंद असण्याची. मेंढ्यांच्या राखणीला असलेल्या मास्तीन कुत्र्यांची. हे कुत्रे वासराएवढे असतात आणि सायकल त्यांना पटत नाही. अशा वेळी खाली उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची आणि कळपाला लांबून वळसा घालून सावकाश चालत जायचं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बाहेर पडायचं नाही. हिवाळ्यात रानडुकरांच्या शिकारीची पाटी लावलेली दिसली की त्या वाटेला जायचं नाही. एवढं पाळलं की झालं.

आणि मग एक प्रश्न छळायला लागला. एवढे सुंदर रस्ते, सपाट, रुंद, नकाशावर व्यवस्थित दाखवलेले. बनवले कुणी? आणि कुणासाठी?

सायकलवाल्यांसाठी नक्कीच नाही. यातला जवळपास प्रत्येक रस्ता रहदारीसाठीच बनला होता. रहदारी निघून गेली, रस्ता मागे राहिला.

सगळ्यात जुने रस्ते मेंढ्यांचे. त्यांना कान्यादा म्हणतात. उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांत, हिवाळ्यात दक्षिणेच्या उबदार मैदानांत, असे लाखो मेंढ्यांचे कळप शतकानुशतकं पायी जात-येत होते. स्पेनची मेरिनो लोकर तेव्हा युरोपभर विकली जायची. मेंढपाळांच्या मेस्ता नावाच्या संघटनेला दहाव्या आल्फोन्सो राजाने 1273 साली सनद दिली. मोठ्या कान्यादाची रुंदी ठरलेली होती: 90 वारा, म्हणजे सुमारे 75 मीटर. वारा हे त्यांचं जुनं माप, आपल्या वारासारखंच. पंचाहत्तर मीटर रुंद वाट, मेंढ्यांसाठी! मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या सगळ्या लेन एकत्र केल्या तरी एवढं होत नाही.

हे मला परकं वाटलं नाही. आमच्या कोकणात दिवाळीनंतर भातं कापून झाली की घाटावरून धनगर उतरायचे. मेंढरं शेतात बसवायची, म्हणजे रात्रभर रिकाम्या खाचरात ठेवायची; शेताला खत मिळायचं आणि धनगराला त्याबद्दल धान्य. माझ्या आजीला त्यांच्या येण्याचा रस्ता पाठ होता. त्या रस्त्याला कुठल्याही राजाची सनद नव्हती. तो चालून चालून झालेला होता.

दुसरे रस्ते ट्रॅक्टरचे. आपल्याकडे 1947चा तुकडेबंदीचा आणि तुकडेजोडीचा कायदा आहे. स्पेनने 1952 साली असाच कायदा केला. वाटण्या होऊन विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करून शेतकऱ्यांना सलग जमीन दिली आणि शेतांमधून ट्रॅक्टर जातील असे सरळ, रुंद रस्ते आखले. ट्रॅक्टर आले. एक माणूस दहा जणांचं काम करू लागला. उरलेले नऊ माद्रिद, बार्सिलोना, वालेन्सियाच्या कारखान्यांत गेले. 1950 ते 1975 या काळात स्पेनचा अंतर्भाग भराभर रिकामा झाला.

तिसरे रस्ते रेल्वेचे. जिथली गाडी बंद झाली, रूळ उचलले गेले, तिथे 1993पासून वियास वेर्देस, म्हणजे 'हिरव्या वाटा', तयार करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आज अशा वाटा 3000 किलोमीटरच्या वर आहेत. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे या वाटा नवशिक्यांसाठी उत्तम. बोगदे, पूल, जुनी स्टेशनं, सगळं आयतं.

मेंढी, ट्रॅक्टर, रेल्वे. तिघांनी मिळून आमच्यासाठी ही शांतता करून ठेवली. कुणीही ती मुद्दाम केली नाही.

गेल्या सप्टेंबरमध्ये मी यातल्याच एका वाटेवर निघाले, तेव्हा डोक्यात वेगळंच काही चाललं होतं.

राजापूर तालुक्यात आमचं घर आहे. कौलारू, मातीच्या भिंती, पुढे खळं, मागे आंबा-काजूची थोडी झाडं. आजी गेल्यापासून ते बंद आहे. गणपतीत पाच दिवस उघडतं. तेव्हा डोंबिवली, ठाणे, विरारहून सगळे जमतात, झाडलोट होते, आरत्या होतात, आणि गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी कुलूप. या वर्षी गणपती झाल्याबरोबर दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विषय काढला. पुण्याची एक पार्टी आहे. घरासकट सगळी जागा घ्यायला तयार आहे. त्यांना तिथे होमस्टे करायचा आहे. भाव चांगला आहे.

बाबा गेल्यानंतर वारस म्हणून सातबाऱ्यावर आई, माझा भाऊ आणि माझं नाव लागलं आहे. त्यामुळे माझी सही लागणार होती. दादाने सरळ लिहिलं होतं, "तू तिकडून कुलमुखत्यारपत्र पाठव, बाकी मी बघतो." आत्याने लिहिलं, "आईच्या हातचं घर." दादाने त्यावर जे लिहिलं ते मी आजही खोडू शकत नाही: "आत्या, वर्षातून पाच दिवसांसाठी तीनशे साठ दिवस वाळवी पोसायची का?"

उत्तर द्यायला मी आठवडाभराची मुदत मागितली आणि शनिवारी पहाटे बसच्या पोटात सायकल घालून तेरुएलला गेले.

तेरुएल प्रांत रत्नागिरी जिल्ह्याच्या पावणेदोन पट मोठा आहे. लोकसंख्या मात्र जेमतेम एक लाख पस्तीस हजार. चौरस किलोमीटरला साधारण नऊ माणसं. महाराष्ट्रात 2011च्या जनगणनेत हा आकडा 365 होता. 1999 साली इथल्या लोकांनी दवाखाने, रस्ते, रेल्वे मागायला एक चळवळ काढली. तिचं नाव होतं 'तेरुएल आहे!' आपण अस्तित्वात आहोत हेच आधी सांगावं लागणं, यात सगळं आलं. 2019च्या नोव्हेंबरमध्ये या नावाने त्यांचा एक खासदारही निवडून आला. त्याच वर्षी मार्चमध्ये माद्रिदला ग्रामीण भागातल्या लोकांनी मोठा मोर्चा काढला होता. मोर्चेकऱ्यांचा एका शब्दाबद्दल आग्रह होता. वर्तमानपत्रं त्यांच्या भागाला 'रिकामा स्पेन' म्हणायची. ते म्हणत होते, रिकामा नाही, 'रिकामा केलेला'.

माझी वाट होती ओखोस नेग्रोसची हिरवी वाट. ओखोस नेग्रोस म्हणजे काळे डोळे. तेरुएलमधल्या एका गावाचं हे नाव, तिथे लोखंडाच्या खाणी होत्या. 1900च्या सुमारास बास्क उद्योजकांनी कंपनी काढली. खनिज भूमध्य समुद्राकाठी सागुंतो बंदरात न्यायचं होतं. त्या दिशेला एक रेल्वे आधीच होती, पण भाड्यावरून दोन्ही कंपन्यांचं जमलं नाही. मग खाणवाल्यांनी जवळपास शेजारूनच स्वतःची दुसरी रेल्वे बांधली, 200 किलोमीटरच्या वर. 1907 साली ती सुरू झाली आणि 1972 साली बंद पडली. पुढे पंधराएक वर्षांत खाणीही बंद झाल्या. जुनी, आधीची रेल्वे अजून आहे. भांडणातून झालेली दुसरी लाइन आज सुमारे 160 किलोमीटरची सायकलवाट आहे, स्पेनमधली सगळ्यात लांब हिरवी वाट.

तेरुएल सोडलं की एस्कांदोन खिंडीपर्यंत चढ आहे, पण रेल्वेचा चढ. पायांना कळतो, छातीला नाही. खिंड 1200 मीटरच्या वर. तिथून पुढे एकूण उतार समुद्राकडे. खनिजाने भरलेले डबे ज्या दिशेने गेले त्याच दिशेने आपण जातो. टायरखाली खडीचा एकसुरी आवाज येत राहतो, पॉपकॉर्न भाजल्यासारखा. बोगद्यात शिरलं की तोच आवाज दोन्ही भिंतींवर आपटून दुप्पट होतो आणि बाहेर पडलं की उन्हात विरघळतो. दोन तासांत मला एक सायकलस्वार जोडपं भेटलं आणि एक म्हातारा, कुत्र्याला घेऊन मशरूम शोधत चाललेला.

अधूनमधून ए-23 महामार्ग वाटेच्या जवळ येतो. तेव्हा ट्रकची घरघर ऐकू येते आणि जाणवतं, की रहदारी संपलेली नाही, ती फक्त बाजूला सरकली आहे. वालेन्सियाहून सारागोसाला निघालेला माल या गावांना वळसा घालून जातो. ती घरघर ऐकताना मला मुंबई-गोवा महामार्ग आठवला. आमच्या गावाला फाट्यावरून आत वळावं लागतं. फाट्यावर आता तीन हॉटेलं, एक मोबाइलचं दुकान आणि जेसीबी भाड्याने देणाऱ्याचा बोर्ड आहे. आत वाडीत चौदा घरं, त्यातली नऊ बंद.

आकडे सांगायचे तर 2001 आणि 2011च्या जनगणनांच्या मध्ये महाराष्ट्र वाढत असताना रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे 82 हजारांनी घटली, सिंधुदुर्गाची सुमारे 19 हजारांनी. 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. हा आकडा कौतुकाने सांगितला जातो. तो खरं तर मुंबईला गेलेल्या पुरुषांचा आकडा आहे.

संध्याकाळी सारिओनला पोचले. हे गाव मला नेहमी कोड्यात टाकतं, कारण ते रिकामं नाही. इथल्या खडकाळ, चुनखडीच्या जमिनीत काही पिकत नसे. 1980च्या दशकाच्या शेवटी काही लोकांनी ट्रफलच्या बुरशीचा संस्कार केलेली ओकची रोपं लावायला सुरुवात केली. झाडाच्या मुळाशी काळी ट्रफल तयार व्हायला दहाएक वर्षं लागतात. त्यांनी वाट पाहिली. आज जगात लागवडीतून मिळणाऱ्या काळ्या ट्रफलचा मोठा वाटा या प्रांतातून जातो. गावात तरुण पोरं दिसतात, शाळेत मुलं आहेत. रिकामं होणं हे काही नशिबात लिहिलेलं नसतं, हे सारिओनकडे बघून कळतं. आणि हेही कळतं, की त्यासाठी गावात राहून दहा वर्षं थांबणारं कुणीतरी लागतं. आमच्या घरात तसं कुणी नव्हतं. मीही नव्हते.

चौकातल्या बाकावर चार आज्या बसल्या होत्या. शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा वालेन्सियाहून शनिवार-रविवारसाठी आलेला दिसत होता. एका आजीने त्याला हाक मारून विचारलं, "तू रे कुणाचा?"

स्पॅनिश खेड्यांत हा प्रश्न ठरलेला आहे. नाव काय, काम काय, हे कुणी विचारत नाही. तू कुणाचा? मुलाने आजोबांचं नाव सांगितलं नाही, घराण्याचं टोपणनाव सांगितलं. चारही आज्यांच्या माना एकदम हलल्या. पटलं.

मग तीच आजी हसत माझ्याकडे वळली. "आणि तू गं कुणाची?"

मला एकदम आमच्या फाट्यावरचा एसटीचा थांबा दिसला. मे महिन्यात गाडीतून उतरलं की तिथे बसलेली कुणीही म्हातारी हेच विचारायची. मी आजीचं नाव सांगायचे आणि मग कुणीतरी उठून माझी बॅग उचलायचं. मी म्हटलं, "मी भारतातली. इथे नाही कुणाची." ती म्हणाली, "तुला गाव आहे?"

हाही इथला नेहमीचा प्रश्न. माद्रिदमध्ये जन्मलेल्या माणसालाही विचारतात: तुला गाव आहे का? म्हणजे ऑगस्टमध्ये जायला आजी-आजोबांचं घर, जत्रेतला नाच, नदीतलं पोहणं आहे का? ज्याला गाव नाही त्याची थोडी कीव केली जाते. आपण "गाव कुठलं तुमचं?" विचारतो तसंच. मुंबईत तिसरी पिढी असली तरी उत्तर येतं, चिपळूण, कणकवली, पाटण.

मी म्हटलं, "आहे." मग सांगून टाकलं, "घरचे विकतायत."

तिने सहानुभूती वगैरे दाखवली नाही. तिची बहीणही बार्सिलोनाला असते आणि वडिलोपार्जित घर तिच्या मुलांनी विकलं, असं तिने सांगितलं. विकत घेणारे वालेन्सियाचे. "घराचं काही वाटत नाही," ती म्हणाली. "घर त्यांनी छान केलंय. पण मागच्या झऱ्याकडे आम्ही त्यांच्या अंगणातून जायचो. तिथे आता फाटक आहे. सत्तर वर्षं गेले मी तिथून. आता बेल वाजवायची?"

दुसऱ्या दिवशी बाराकासच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगेखालून जाताना ते फाटक डोक्यातून जाईना.

आमच्या घरामागूनही एक पायवाट जाते. खळ्याच्या कडेने, काजूच्या झाडांखालून वर, वरच्या वाडीकडे. बायका त्या वाटेने विहिरीवर जातात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, तेव्हा आमच्या खळ्यात नाचून त्याच वाटेने वर जाते. ती वाट कुठल्याही कागदावर नाही. सातबारा आमच्या नावावर, त्यामुळे वाटही आमची; पण ती फक्त आमची आहे असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलं नाही. आजीने तर पावसाळ्यात ती वाहून जाऊ नये म्हणून स्वतः जांभे दगड लावून घेतले होते. होमस्टेवाली पार्टी पहिलं काम काय करणार? चिऱ्याचं कंपाउंड. पाहुण्यांच्या प्रायव्हसीसाठी.

बाराकासहून काउदिएलकडे लांबलचक उतार आहे. पेडल मारावं लागत नाही, विचार करायला भरपूर वेळ मिळतो. मग खेरिका, त्याचा विटांचा मुदेखार शैलीतला मनोरा, पुढे सेगोर्बे. उंची कमी होते तशी हवा दमट होत जाते. ओक जाऊन ऑलिव्ह येतात, मग संत्री. हिरवी वाट संपते तिथून साध्या रस्त्याने मी सागुंतो बंदरापर्यंत गेले. खाणीतलं लोखंड जिथे पोचायचं तो पोलाद कारखाना 1984 साली बंद झाला. त्याची एक भट्टी स्मारक म्हणून उभी ठेवली आहे, चारही बाजूंनी मोकळ्या जागेत, न हलणाऱ्या जहाजासारखी.

खाण गेली, गाडी गेली, भट्टी विझली. टिकली ती फक्त जमिनीची एक लांब, अरुंद पट्टी. ती का टिकली? शेजारच्या शेतकऱ्यांनी नांगरून घेतली असती तर आज तिथे बदाम असते. कुणीतरी ती पट्टी सलग ठेवायचं ठरवलं, म्हणून टिकली.

मेंढ्यांच्या वाटांचंही तेच. मेस्ता 1836 मध्ये बरखास्त झाली, कळप कमी झाले, लोकांनी वाटा शेतात घेतल्या, काहींवर इमारती आल्या. माद्रिदला लागून एका कान्यादावर तर अख्खी वस्ती आहे. तरी 1995 साली स्पेनने कायदा केला, की या वाटा सार्वजनिक मालकीच्या आहेत. त्या विकता येत नाहीत. कितीही वर्षं कब्जा केला म्हणून कुणाच्या होत नाहीत. कर्जापोटी जप्तही होत नाहीत. देशभरात त्यांची लांबी सुमारे सव्वा लाख किलोमीटर धरतात. पायी चालणाऱ्यांना, घोडेस्वारांना, सायकलवाल्यांना तिथून जाता येतं, पण एका अटीवर: कळप आला तर पहिला मान कळपाचा. त्या वसंतात ग्वादालाविआर गावाजवळ मी अशा वाटेवर सायकल बाजूला घेऊन वीस मिनिटं उभी होते. तिथले काही मेंढपाळ अजूनही हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे चालत जातात. कळप पुढून गेला, शेवटच्या माणसाने टोपीला हात लावला. कायद्याने त्या क्षणी ती वाट त्याची होती.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. शेतात जायला बांधावरून रस्ता मिळावा म्हणून 1966च्या जमीन महसूल अधिनियमात कलम 143 आहे. अडवलेली वहिवाट मोकळी करून घ्यायला 1906चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. पण दोन्हींसाठी तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो आणि अर्ज करायला गावात कुणीतरी असावं लागतं. वरच्या वाडीत आता राहतात त्यातल्या बहुतेक जणी सत्तरीच्या पुढच्या आहेत.

सोमवारी रात्री मी दादाला फोन केला.

"सही देते," मी म्हटलं. "पण मागची वाट खरेदीखतात लिहायची. मोजणी करून, नकाशात दाखवून. वरच्या वाडीला कायमची जायची-यायची मोकळीक."

"अगं, पार्टी पळेल!"

"पळू दे."

"तू तिकडे बसून कायदे सांगू नकोस. इथे कोण जातं त्या वाटेने? चार म्हाताऱ्या."

"आणि पालखी."

तो गप्प झाला. दादा गेली अठरा वर्षं शिमग्याला सुट्टी काढून जातो. पालखीला खांदा द्यायला आमच्या घरातून तोच असतो. थोड्या वेळाने म्हणाला, "किती फूट लिहायची?"

यावर पुढचे दहा दिवस ग्रुपवर चर्चा चालली. आत्या म्हणाली, दहा. आप्पाकाका म्हणाले, पालखी दोघांच्या खांद्यावर असते, शेजारून ढोलवाला चालतो, आठ पाहिजे. पार्टी म्हणाली, चार. मी त्यांना 75 मीटरची गोष्ट सांगितली नाही. सहावर जमलं. पार्टी पळाली नाही. किंमत थोडी कमी केली, आणि ती कमी झालेली रक्कम सगळ्यांच्या वाट्यातून सारखी गेली. त्याबद्दल विरारच्या काकूंनी मला अजून माफ केलेलं नाही.

घर जाणार आहे. ते वाचलं असतं तर ही गोष्ट जास्त बरी झाली असती, पण ते वाचवायला तिथे राहणारं माणूस लागतं आणि आम्ही सगळ्यांनी, एकेकट्याने, कधीच निर्णय घेऊन टाकलेला आहे. मी तर सगळ्यात लांबचा. पुढच्या वेळी कुणी विचारलं, तुला गाव आहे का, तर काय सांगायचं ते मला ठरवावं लागेल.

इथल्या मोकळ्या वाटांवर मी अजूनही जाते, आणि अजूनही तेवढाच आनंद होतो. तो आनंद घेताना अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, असं मला वाटतं. ओसाड गावातल्या एकुलत्या एका बारमध्ये थांबून कॉफी आणि ऑम्लेटचा पाव घेणारी सायकलवाली ही त्या बारवाल्याची त्या दिवशीची कमाई असते. फक्त शांतता ऐकताना ती कुणाच्या जाण्याने झाली आहे, हे मनात असतं. आणि वाटेत लाकडी फाटक लागलं, त्यावर 'उघडल्यावर पुन्हा बंद करा' अशी पाटी असली, तर मी उतरून ते नीट बंद करते. अशी फाटकं मला आवडतात. आतली जनावरं आत राहतात आणि वाट चालू राहते.

मोजणीची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. भूकरमापक येईल तेव्हा वाट दाखवायला आमच्यापैकी कुणी नसेल तर काय, असा प्रश्न निघाला. आप्पाकाका म्हणाले, वरच्या वाडीतल्या काकींना सांगून ठेवलंय. त्या रोज त्याच वाटेने जातात. त्या पुढे चालतील, त्याने मागून मोजत यायचं.